ठाकरांची वाट

नवे पैसे चलनात आले त्या सुमारास माझं लग्न झालं आणि कुडाळच्या बाजारपेठेत वाढलेली मी मालवणच्या बाजूच्या एका नदीकाठच्या गावात आले. एसटी गावात येत नव्हती. तिठ्यावर उतरायचं, उतारावरून नदी गाठायची आणि काठाकाठाने चालत गावात शिरायचं. पहिल्या माहेरपणाहून परत येताना सासूबाई मला न्यायला आल्या होत्या. माझ्या पायांत नव्या चपला होत्या. नदी लागली तशा त्या म्हणाल्या, "त्यो हातात घी गो. हयसर पाय निसारता."

वाट एका माणसापुरतीच. एका अंगाला डोंगर आणि त्याच्यावरचं देवाचं रान, दुसऱ्या अंगाला पाणी. समुद्राची भरती आमच्या गावाच्याही वरपर्यंत चढते, म्हणून काठाला खारफुटीतली चिपीची झाडं आणि त्यांच्या मुळांत खेकडे. डोक्यावरून ककणेर, म्हणजे धनेश, उडाला की पंखांचा असा आवाज यायचा की मी पहिल्यांदा घाबरून खालीच बसले. पाणमांजरांना आमच्याकडे हूद म्हणतात. ती सकाळच्या वेळी चारपाच एकदम पाण्यात दिसायची, मासे खाताना लहान मुलांसारखी भांडायची. आणि समोरच्या वाळूवर सुसर. ओंडका पडल्यासारखी पडलेली. वाटेत पाण्याला टेकून एक मोठा काळा दगड होता. तिथे पोचलं की जो तो बाजूच्या झाडाची एक डहाळी मोडून दगडावर ठेवायचा आणि मगच पुढे जायचा. सासूबाईंनी ठेवली, मलाही ठेवायला लावली.

"कोणाचो देव?" मी विचारलं.

"राखणदार. ठाकरांचो. ही वाटच ठाकरांची. आमचे पणजे हय येवच्या आदी ते ह्याच वाटेन येयत-जायत."

ठाकर ही आमच्या मुलखातली आदिवासी जमात. कुडाळच्या आसपास त्यांच्या वाड्या आहेत. चित्रं दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा गायच्या, बाहुल्या नाचवायच्या, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. कुठल्या देवळात कुणी कथा करायची हे फार पूर्वीपासून ठरलेलं. आमच्या देवळात नवरात्रात कथा करायचा मान ज्या घराकडे होता, त्या घरातला म्हातारा आणि त्याची बायको दरवर्षी त्या नदीकाठच्या वाटेने चालत यायची. त्याच्या डोक्यावर लाल फडक्यात बांधलेलं चित्रांचं गाठोडं, खांद्याला वीणा. तिच्या हातात टाळ आणि काखेला संसाराची बोचकी.

दिवेलागणीला देवळात कथा सुरू व्हायची. म्हातारा एकेक चित्र मांडीसमोर उभं धरायचा. तांबडे, पिवळे, काळे रंग, मोठमोठे डोळे, माणसं सगळी एका बाजूला तोंड करून. राक्षस आला की त्याचा आवाज बदलायचा, सीता बोलायला लागली की म्हातारी बोलायची. मी बाजारपेठेतली, तंबूतला सिनेमा पाहिलेली. तरी सीतेला रथात घालून रानात सोडायला नेतात ते चित्र त्याने उचललं की मला पुढचं बघवायचं नाही.

आणि त्याच माणसाला आमच्या घरी कसं बोलत, ते सांगते. माझे सासरे गावच्या मानकऱ्यांतले एक. वयाने त्या म्हाताऱ्यापेक्षा बरेच लहान. तो अंगणात येऊन हात जोडायचा आणि सासरे ओटीवरून म्हणायचे, "काय रे ठाकरा, इलंस?" देवळात ज्याच्या तोंडून राम ऐकायचा त्याला ओटीची पायरी नाही. माझ्या डोक्यात तिडीक जायची. पण नव्या सुनेची तिडीक कोण विचारतो.

असं काही वर्षं चाललं. मग गावातलाच एक माणूस मुंबईहून परत आला. तिकडे धंद्यात त्याचं चांगलं झालं होतं. गावात सगळे त्याला शेट म्हणायला लागले. देवळाची कौलं त्याने बदलून दिली, पेट्रोमॅक्सचे दिवे दिले. मग नदीकाठची डोंगरउताराची जमीन त्याने विकत घेतली आणि काजूची कलमं लावली. इथपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण पावसाळ्याआधी त्याने चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला घेतला, आणि तो गडगा वाट ओलांडून थेट पाण्यात नेऊन सोडला. दोन्ही टोकांना. मधली सगळी वाट, काळ्या दगडासकट, आत गेली.

"गुरं शिरतात," असं तो म्हणाला. मुंबईची मराठी बोलायचा. "आणि सड्यावरून रस्ता आहेच की."

सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरून, रस्ता होता. उभा चढ चढून, उन्हात कातळ तुडवून, पलीकडे पुन्हा उतरायचं. डोक्यावर लाकडांचा भारा, कडेवर पोर घेऊन कोणत्या बाईने तिकडून जायचं, हे त्याला कुणी विचारलं नाही. मानकऱ्यांनी तर नाहीच. पिळदार मिशांचे एक मानकरी होते, ते ओटीवर पान लावता लावता म्हणाले, "तेची जमीन, तेचो गडगो. देवळासाठी येवढा करता तो माणूस." माझे सासरे मान हलवत राहिले.

स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. त्या तव्याकडे बघून म्हणाल्या, "कौलां देवळाक दिली. वाट काय देवान तेका बदल्यात दिल्यान?" बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. बाहेर कुणी ऐकलं नाही, म्हणजे ऐकून घेतलं नाही.

बायका काय करणार, ओहोटीला चिखलातून गडग्याच्या टोकाला वळसा घालून जायला लागल्या. पाणी पोटरीला लागायचं. गडग्याचे खालचे चिरे शेवाळाने बुळबुळीत झाले होते. त्यांना धरून, एकेक पाय रोवत पलीकडे जायचं. शेटचं काजूचं झाड मेलं असतं तर पंचायत बसली असती. एखादी बाई पडून मेली असती तर नशीब म्हणाले असते.

आश्विन आला. नवरात्राच्या आदल्या दिवशी मी आणि सासूबाई चिखलातले खुबे, म्हणजे शिंपले, काढायला नदीवर गेलो होतो, गडग्याच्या आमच्या बाजूला. ओहोटी संपून पाणी परतायला लागलं होतं. टोपली उचलून निघणार तेवढ्यात पलीकडून टाळ वाजल्यासारखा आवाज आला. म्हातारी चालताना तिच्या बोचक्यातले टाळ वाजायचे. ती दोघं पलीकडच्या टोकाचा गडगा कशी ओलांडून आली कुणास ठाऊक. बहुतेक तिकडे पाणी उथळ होतं. आता ह्या टोकाला ती चिऱ्यांना धरून वळसा घालायला लागली होती. पुढे म्हातारा, डोक्यावर गाठोडं.

सासूबाई ओरडून म्हणाल्या, "थांबा, पाणी चढता. मागे फिरा."

त्याला ऐकू गेलं असेल नसेल. गडग्याच्या टोकाशी त्याचा पाय चिऱ्यावरून सटकला. एका हाताने त्याने चिरा धरला, दुसऱ्या हाताने गाठोडं सावरायला गेला आणि गाठोडं पाण्यात गेलं. म्हातारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. गाठोडं भरतीबरोबर हळूहळू आमच्या बाजूला सरकायला लागलं.

म्हातारी त्याला ओलांडून पाण्यात उतरली. मी तिला कधी इतक्या झपाट्याने हलताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात समोरच्या वाळूवरची सुसर उठली आणि पाण्यात गेली. आवाज न करता. मी म्हटलं, "आये, सुसर." सासूबाईंनी माझा दंड धरला आणि त्या म्हातारीला हाका मारायला लागल्या. तिने एकदा वळून वाळूकडे पाहिलं. तिला दिसलं होतं सगळं. ती छातीएवढ्या पाण्यातून चिपीच्या झाडापर्यंत गेली, मुळांत अडकलेलं गाठोडं ओढून काढलं आणि तशीच काठाला आली. सुसर पुन्हा पाण्यावर दिसली ती खूप लांब, नदीच्या खालच्या वळणापाशी.

आम्ही दोघींनी तिला हात देऊन वर घेतलं, मग म्हाताऱ्याला. गाठोडं सोडलं. कागदाला कागद चिकटवून केलेली चित्रं, पाठपोट रंगवलेली. खळ सुटून ती एकमेकांपासून वेगळी होत होती. रंग तर फडक्यातच उतरला होता. फडकं आधीच लाल, त्यात पिवळा आणि काळा मिसळून घाणेरडं पाणी गळत होतं. म्हाताऱ्याने एकेक चित्र सोडवून खडकावर पसरलं. बरीचशी फाटली. काहींवर नुसती काळी रेघ राहिली होती, काहींवर एखादा डोळा.

"माझ्या आज्यान काढलेली," तो म्हणाला. एवढंच बोलला आणि पुढचं चित्र उचललं.

आवाज ऐकून शेट आला. बागेतच होता. गडग्यावरून वाकून त्याने पाहिलं. मला वाटलं, आता तरी तोंडातून बरा शब्द निघेल.

"इकडून कुणी यायला सांगितलं होतं?" तो म्हणाला. "वर रस्ता आहे ना?" मग खडकावरच्या चित्रांकडे बघून, समजूत काढल्यासारखं म्हणाला, "आणि नाहीतरी जुनी झालेली चित्रं हे लोक नदीतच सोडतात. पद्धतच आहे त्यांची."

पद्धत आहे. चित्रं जीर्ण झाली की ठाकर ती पाण्यात सोडतात, हे खरं. त्या माणसाला तेवढं बरोबर ठाऊक होतं, आणि ते त्याने कशासाठी वापरलं.

म्हाताऱ्याने मान वर केली. "सोडतंव, शेट," तो म्हणाला. "पण हळदकुकू लावन, पाया पडान सोडतंव. आणि सोडतलंव तेवा आमी सोडतलंव."

सासूबाई पुढे झाल्या. शेटला त्यांनी नागडा खेळताना पाहिलेलं. "बाबा," त्या म्हणाल्या, "तुझी आवस ह्या वाटेन घागरी घेवन येय. तुका कडेवर घेवन. सड्यावरसून नाय गेली ती कधी."

"काकी, तो काळ वेगळा होता," शेट म्हणाला आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी देवळात मानकरी बसले. आम्ही बायका खांबांच्या मागे. म्हातारा मंडपाच्या खाली, उघड्यावर उभा. तो म्हणाला, चित्रं गेली, पण कथा तोंडात आहे. वीणा आहे, टाळ आहेत. बसून गातो. पुढच्या वर्षी नवी चित्रं काढून आणतो.

मिशांचे मानकरी म्हणाले, "चित्रां नाय तर कथा कसली?"

शेट बाजूला बसला होता. त्याने सुचवलं की कुडाळहून भोंगा आणि तबकड्या आणता येतील, भक्तिगीतं लावू, खर्च मी करतो. भोंग्याचं नाव काढल्याबरोबर तरणी पोरं खूश झाली. कुणीतरी म्हणालं, बरंच झालं, दरवर्षी तेच तेच. मी सासऱ्यांकडे बघत होते. आदल्या दिवशीचं सगळं सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, गडगा, सुसर, शेट काय बोलला ते सुद्धा. ते जमिनीकडे बघत बसले. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान होता त्याचा मान पान खाता खाता काढून घेतला, आणि मान ह्या शब्दावर ज्यांची घरं उभी होती त्यांनीच काढून घेतला.

वर म्हाताऱ्याला म्हणाले, शिधा घेऊन जा.

तो म्हणाला, "कथा केल्याबगर शिधो घेवचो नाय." आणि हात जोडून निघाला.

सासूबाई खांबामागून बाहेर आल्या. देवळात सगळ्यांदेखत पुरुषांशी बोलायची रीत नव्हती, त्या बोलल्याही नाहीत. सरळ पायऱ्या उतरून म्हातारीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "सांजेक आमच्या खळ्यात बसा."

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण. दिवस मावळायला आला तेव्हा, शेटने सकाळीच गडी धाडून आणवलेल्या बॅटरीवरच्या भोंग्याची खरखर देवळाकडून ऐकू यायला लागली होती. आमच्या खळ्यात शेजारच्या घरच्या बायका, थोडी मुलं. सासरे घरी नव्हते, देवळात होते. मी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि वाळलेली चित्रं म्हातारीने तिच्यावर ओळीने अडकवली. फिकट, डागाळलेले कागद. म्हाताऱ्याने वीणा लावली.

थोड्या वेळाने आमच्या खळ्याच्या गडग्याबाहेर फणसाखाली माणसं येऊन बसली. गावाबाहेरच्या वाडीतली. त्यांना देवळात पाय ठेवायची मुभा नव्हती. त्यांना अडवणं गुन्हा आहे असा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या गावाने तो कायदा वाचला नव्हता. ही माणसं दर नवरात्रात देवळाबाहेर लांब अंधारात बसून कथा ऐकत. चित्रं त्यांनी कधीच पाहिली नव्हती. आजही ती गडग्याच्या बाहेरच बसली, आणि आमच्यातल्या कुणीही त्यांना आत या म्हटलं नाही. सासूबाईंनीही नाही.

म्हाताऱ्याने ते पाहिलं. गाता गाता तो उठला, दोरीवरचं एक चित्र काढलं आणि चालत फणसाखाली गेला. तिथे ते धरून उभा राहिला. एका बाईने हात लावू की नको असं करत बोटाने विचारलं, हे कोण. तो म्हणाला, "सीता. रथ हय होतो. तांबडो." कागदावर तांबडं काही नव्हतं. ती बाई वाकून खूप वेळ बघत राहिली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चित्र समोर आलं, ते असं, रंग गेल्यावर. मला रडू आलं नाही. मला कुणाचं तरी डोकं फोडावंसं वाटलं.

सासरे घरी आल्यावर सासूबाईंना खूप बोलले. मानकऱ्यांत माझी शोभा केलीस, म्हणाले. त्या म्हणाल्या, "शोभा होती खंय तुमची?"

नवरात्र संपल्यावर सासूबाई धुण्याची बादली घेऊन शेटच्या गडग्यापाशी गेल्या. मी मागे. त्यांनी बादली खाली ठेवली आणि वाट होती तिथले वरचे चिरे काढून बाजूला ठेवले. पाय टाकून पलीकडे जाता येईल इतके. शेटच्या गड्याने ते परत रचले. त्यांनी परत काढले. मग शेजारणी यायला लागल्या. कुणी काही ठरवलं नव्हतं. जी जाईल ती एखादा चिरा काढायची. शेटने पोलीसपाटलांकडे तक्रार केली. पाटील चौकशीला आले तेव्हा त्यांची स्वतःची आई डोक्यावर चुडतांचा, म्हणजे माडाच्या झावळ्यांचा, भारा घेऊन त्याच खिंडारातून येत होती. पाटलांनी तिचा भारा उतरवून घेतला आणि चौकशी तिथेच संपली.

शेवटी शेटने दोन्ही टोकांना माणूस जाईल एवढी वाट सोडली. आणि बाजूला एक दगड बसवला. त्याच्यावर कोरलं की ही वाट त्याने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ गावाला दिली. नारळ फोडायला माझ्या सासऱ्यांना बोलावलं होतं, आणि ते गेले. पेढे वाटले. सासूबाईंनी आमच्या वाटणीचा पुडा उघडलासुद्धा नाही, गुरांच्या आंबोणात टाकला. ज्यांच्या पायांनी ती वाट पडली त्यांचं त्या दगडावर अक्षर नाही. आज तिथे फिरायला येणारी माणसं ते वाचतात आणि दात्याचं कौतुक करतात.

म्हातारा पुढच्या वर्षी नवी चित्रं घेऊन आला. देवळात त्याला सांगितलं, आता दुसरं ठरलंय. तो आमच्या खळ्यात बसला. त्याच्या पुढच्या वर्षीही बसला. मग यायचा थांबला. मी आणि सासूबाई एसटीने कुडाळला गेलो तेव्हा त्याच्या वाडीवर जाऊन आलो. तो पडवीत पडून होता, डोळ्यांना कमी दिसत होतं. म्हातारी रंग खलत होती. पुतण्याला शिकवत होती, पण पुतण्या डांबरी रस्त्याच्या कामावर जायचा, त्याला वेळ नव्हता. "खंयच्या देवळात बसात तो?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो सगळा माझ्याच वाट्याला आला होता.

परतीच्या एसटीत पुढच्या बाकावर ते मिशांचे मानकरी भेटले. कुठून येता विचारलं. सासूबाईंनी सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "चांगली कला होती. पण ह्या लोकांकाच आता नको असता. तेंनीच सोडल्यानी."

सासूबाई थकल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले होते. गावच्या कुठल्या मानकऱ्याशी मी तोवर तोंड वर करून बोलले नव्हते.

"तेंनी नाय सोडल्यानी, काका," मी म्हटलं. "तुमी काढून घेतलात. मी खांबामागे होतंय. चित्रां नाय तर कथा कसली, ह्या तुमीच म्हणालात."

गाडीतली माणसं वळून बघायला लागली. कंडक्टरसुद्धा थांबला. मानकऱ्यांनी खिडकीची काच खाली केली आणि तिठा येईपर्यंत बाहेर बघत बसले.